खेकड्याचं नाक आणि बाल्कनीतला अँप्लिफायर : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

२४ जून २०२४, सोमवार

पुतणीचा एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प. विषय : कवचधारी प्राण्यांच्या गंधपेशींमधले आयन (विद्युतभारित कण) प्रवाह. एकेका पेशीतला प्रवाह मोजायला पॅच क्लॅम्पची यंत्रणा लागते. ती तिच्या कॉलेजात नाही आणि जिथे आहे तिथे मोठी रांग. मॅडमनी मधला मार्ग काढून दिला : पेशींची टकटक, म्हणजे त्यांचे विजेचे बारीक ठोके, निदान बाहेरून ऐका आणि आतल्या प्रवाहांचं प्रारूप संगणकावर करा. टकटक ऐकायला अँप्लिफायर हवा, म्हणून काका आठवला.

भोसरीतल्या कंपनीत एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन केलं. लोडसेल, थर्मोकपल, स्ट्रेनगेज : वजन, तापमान, ताण मोजणारे सेन्सर. मिलिव्होल्टशी माझी चांगली ओळख आहे, मायक्रोव्होल्टशी लांबून नमस्कार. खेकड्याशी संबंध रश्श्यापुरता.

आज तिने तासभर शिकवलं. खेकड्याला दोन डोळ्यांच्या मधोमध खाचेत दुमडलेल्या दोन छोट्या मिशा असतात. पुस्तकी नाव लघुशृंगिका. पाण्यात असला की तो त्या सारख्या झटकतो. आपण हुंगतो ना, तसंच ते. झटक्यासरशी केसांच्या झुपक्यात नवं पाणी शिरतं. प्रत्येक केस पोकळ असतो आणि त्यात गंधपेशींची टोकं शिरलेली असतात. शेवंडाच्या (लॉब्स्टरच्या) एकाच केसात अशा सुमारे ३०० पेशींची टोकं असतात. पेशींची धडं केसाच्या बुडाशी गठ्ठ्याने बसलेली, आणि तिथून तारा थेट मेंदूकडे.

मी माझ्या भाषेत वहीत लिहून घेतलं. पेशीचं पटल म्हणजे कपॅसिटर. पटलातला प्रत्येक आयनमार्ग म्हणजे एक रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत एक बॅटरी. सोडियमची बॅटरी एका बाजूला ओढते, पोटॅशियमची उलट बाजूला. कुठला मार्ग किती उघडा, यावर पेशीचा व्होल्टेज ठरतो. हे चित्र हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड अक्षतंतूवरून (चेतापेशीच्या लांब तारेवरून) मांडलं, आणि त्याची समीकरणं हक्स्लीने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. एवढं ऐकल्यावर मला नाही म्हणणं जमलं नाही.

१ जुलै, सोमवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. अशा दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी तपकीर गल्लीत जाणं हा मूर्खपणा, तो केला. लक्ष्मी रोडपासून चालत. एडी-६२० या अँप्लिफायरच्या दोन चिप घेतल्या, बाकी कपॅसिटर, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, शिल्डेड केबल. परतताना सराफाकडून चांदीची तार, दीड फूट. त्याने विचारलं, पैंजणाला का? म्हटलं, खेकड्याला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तार शुद्ध चांदीची हवी, दागिन्याच्या मिश्रणातली नको, हे दोनदा सांगावं लागलं. घरी ती वीस मिनिटं कपड्यांच्या ब्लीचमध्ये ठेवली. जांभळट करडी झाली, म्हणजे वर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढला. नुसती तार खारट पाण्यात घातली की तिचा स्वतःचा व्होल्टेज भटकत राहतो. थर चढल्यावर स्थिर बसतो. हे मला ठाऊक होतं, पण ब्लीचने इतकं स्वस्तात होतं हे नव्हतं.

रात्री एका चिपवर थिनरचा बोळा फिरवला, तर वरचा छापील नंबर पुसला गेला आणि खालून दुसराच नंबर निघाला. दुसरी चिपही तसलीच. दुकान सांगत नाही, गल्लीत पुन्हा जायचं आहे.

१३ जुलै, शनिवार

खात्रीच्या चिप मागवून घेतल्या. पहिला टप्पा फक्त दहापट, मध्ये कपॅसिटर, मग शंभरपट. एकदम हजारपट केलं तर इलेक्ट्रोडचा तीस मिलिव्होल्टचा फरकच तीस व्होल्ट होऊ पाहतो आणि नऊ व्होल्टची बॅटरी तिथेच हात टेकते. आउटपुट लॅपटॉपच्या साउंड कार्डला. पेशीची टकटक मिलिसेकंदभराची असते, म्हणजे कानाला ऐकू येईल अशाच पट्ट्यातली. साउंड कार्ड सेकंदाला ४४,१०० नमुने घेतं, आणखी काय हवं.

अडचण घरच्या विजेच्या ५० हर्ट्झ गुणगुणीची. स्क्रीनवर सह्याद्रीची रांग. बाथखाली (मिशी ठेवायच्या खारट पाण्याच्या भांड्याखाली) जाड ॲल्युमिनियमचा पत्रा, भोवती कोंबडीची जाळी, सगळ्या अर्थच्या तारा एकाच बिंदूला. रांग थोडी बसली. मग घरातली उपकरणं एकेक बंद करत गेलो. फ्रिज बंद केल्यावर बायको आली. फ्रिज निर्दोष निघाला. गुन्हेगार होता सूक्ष्मदर्शकाच्या एलईडीचा ॲडॉप्टर. आता उजेडाला सेलवरची विजेरी.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. शाळा-कॉलेजं बंद. पुतणीच्या एका मैत्रिणीचं घर तिकडेच, ती दिवसभर तिच्या फोनला चिकटून. काम नाही.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. मासळीवाल्या मावशींकडे पाय ठेवायला जागा नव्हती. मुळशीकडचे काळे खेकडे होते, पुतणीने बघून सांगितलं, बॅरिटेल्फुसा, गोड्या पाण्यातले. सहा घेतले.

"नांगी तोडून देऊ का?"

"नको मावशी, मिशी मोडली नाही पाहिजे."

मावशींनी शेजारणीकडे बघितलं. उद्यापासून श्रावण. घरी : "अहो, श्रावणात खेकडे?" खायचे नाहीत, ऐकायचे आहेत, असं सांगून बाल्कनीतल्या टबापुरती परवानगी मिळाली.

खेकड्याच्या रक्तासारखं पाणी पुतणीने कॉलेजात तोलून आणलंय. क्रेफिशसाठी (शेवंडाचा गोड्या पाण्यातला छोटा भाऊबंद) व्हॅन हारेवेल्डने १९३६ साली दिलेली कृती आहे, गोड्या पाण्यातल्या खेकड्यालाही चालते. लिटरला १२ ग्रॅम मीठ, ०.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, साधारण २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड. पोटॅशियम ५.४ मिलिमोलार. हा आकडा इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट, मंगळवार

खेकडा क्र. १ अर्धा तास बर्फात. पूर्ण सुन्न झाल्यावर पुतणीने एका बाजूची मिशी बुडातून काढली. खेकडा परत टबात. कात टाकताना मिशी पुन्हा फुटते असं ती म्हणाली, बहुधा माझा चेहरा बघून.

काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर ओढून टोक बारीक केलं, मागे सिरिंज. मिशीचं कापलेलं टोक नळीत हलकेच ओढून घेतलं, केसांचा झुपका बाहेर पाण्यात. पहिल्या तीन नळ्या सैल बसल्या. चौथीला स्पीकरमधून गरम तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. पुतणी ओरडली. मी लॅपटॉपची पिन हलवून बघितली. आवाज गेला, पिन लावली, आला. मग मीही ओरडलो.

१० ऑगस्ट, शनिवार

आज वास. सुकट रात्रभर त्याच खारट पाण्यात भिजवली, सकाळी गाळली, दहापट पातळ केली. ड्रॉपरने मिशीवर सोडली. तडतड एकदम वाढली, दोन-तीन सेकंद नुसता पाऊस, मग शुकशुकाट. मिनिटभराने हळूहळू पूर्ववत. तीनदा केलं, तीनही वेळा तसंच. पुतणीने आलेख मॅडमना पाठवला. वहीत मोठ्या अक्षरात : खेकड्याला वास आला!

१४ ऑगस्ट, बुधवार

मॅडमचं उत्तर एका ओळीचं. "साधं खारट पाणी ड्रॉपरने सोडून बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. आज बघितलं. तडतड वाढली! पावसासारखी नाही, पण वाढली. मिशीवर स्पर्शाचेही केस असतात. धार पडली की ते ओरडणारच. वास घेणाऱ्याला आम्ही चापट मारत होतो.

ड्रॉपर बाद. केमिस्टकडून सलाईनचा ड्रिप सेट आणि तीन तोंडांची तोटी आणली. आता पाणी अखंड एकाच वेगाने वाहतं, तोटी फिरवली की तेवढंच आतलं द्रव बदलतं. साधं पाणी ते साधं पाणी असा बदल केला तर पेशींना पत्ता लागत नाही. सुकटीच्या पाण्यावर मात्र पाऊस आणि शुकशुकाट दोन्ही टिकले. पुतणी निश्चिंत. मला तो शुकशुकाट आवडत नाहीये. सेन्सर एवढा जोरात चढून एकदम मेल्यासारखा पडतो, तेव्हा कारखान्यात आम्ही आधी सप्लाय तपासायचो.

१८ ऑगस्ट, रविवार

सप्लायच निघाला.

सुकट म्हणजे मेलेल्या, फुटलेल्या पेशी. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते भिजवलेल्या पाण्यात उतरणार. कॉलेजच्या फ्लेम फोटोमीटरवर पुतणीने मोजून आणलं : आमच्या पातळ केलेल्या द्रवात २२ मिलिमोलार. असायला हवं होतं ५.४. जवळजवळ चौपट.

पोटॅशियमच्या बॅटरीचा व्होल्टेज आतल्या-बाहेरच्या प्रमाणाच्या लॉगॅरिदमवर चालतो. खोलीच्या तापमानाला प्रमाण दहापट बदललं की सुमारे ५८ मिलिव्होल्ट. चौपटीचा लॉग ०.६, म्हणजे ३५ मिलिव्होल्ट. आत किती पोटॅशियम आहे हे माहीत असायचीही गरज नाही, बदल तेवढाच. विश्रांतीतली पेशी मुख्यतः याच बॅटरीला टेकून बसलेली असते. तिच्या बुडाखालची खुर्ची आपण ३५ मिलिव्होल्ट वर उचलली. ती ओरडते, आणि व्होल्टेज वरच अडकून राहिला की सोडियमचे मार्ग बंद पडून मुकी होते. पाऊस, मग शुकशुकाट.

खात्री करायला साध्या खारट पाण्यात पोटॅशियम २२ वर नेलं. वास शून्य. तोटी फिरवली. हुबेहूब तोच आलेख.

पुतणी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काका, तू आधी का नाही सांगितलंस?" मला तरी कुठे माहीत होतं. मला फक्त शुकशुकाट खटकला होता. १० तारखेच्या नोंदीतलं ते वाक्य खोडलं नाही, समासात लिहिलं : हे पोटॅशियम.

२४ ऑगस्ट, शनिवार

आता वासाचं द्रव म्हणजे ज्यातलं सगळं माहीत आहे असंच. कॉलेजातून टॉरिन, ग्लायसिन, प्रोलिन ही अमिनो आम्लं. ग्लुटामेट मात्र चायनीजच्या गाड्यांवर असतं तेच पांढरं पूड, मोनोसोडियम ग्लुटामेट. लिटरला १९ मिलिग्रॅम टाकलं की ०.१ मिलिमोलार. त्यातून येणारं सोडियम आधीच्या २०५ मिलिमोलारपुढे मोजण्यासारखंही नाही. सगळी द्रवं त्याच खारट पाण्यात.

पहिल्या दिवशी काहीच नाही. पाऊस तर सोडाच, शिंतोडाही नाही. बायको म्हणाली, "खेकड्याला सर्दी झाली असेल."

१ सप्टेंबर, रविवार

मिशी थकली की दिवसाचं काम संपतं, म्हणून दुपारी प्रारूप. फ्लोरिडातल्या व्हिटनी प्रयोगशाळेत १९८९ साली शेवंडाच्या गंधपेशींच्या सुट्या धडांवर पॅच क्लॅम्पने मापनं झाली. त्यात चार प्रवाह वेगळे काढलेत : सोडियमचा, कॅल्शियमचा, सावकाश उघडणारा पोटॅशियमचा, आणि कॅल्शियम आत आलं की जागा होणारा आणखी एक पोटॅशियमचा. एकेक प्रवाह बाजूला काढायला दुसऱ्यांची तोंडं विषाने बंद करायची. सोडियमसाठी फुगू माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन. सर्किटमधले बाकी घटक उचलून एकच तपासावा, तसंच. सोडियम आणि कॅल्शियम उणे ४० ते उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास उघडू लागतात, पोटॅशियमवाले दहाएक मिलिव्होल्ट पुढे. आधी चढवणारे, मग उतरवणारे. क्रम उलटा असता तर टकटक झालीच नसती.

आकडे मांडून बघितले. १२ मायक्रॉनचा गोळा धरला तर पृष्ठभाग ४५० चौरस मायक्रॉन, कपॅसिटन्स साडेचार पिकोफॅरड. रोध २ गिगाओहम धरला, तर एक पिकोअँपिअर प्रवाहाने २ मिलिव्होल्टचा बदल होतो! माझ्या केबलचा कपॅसिटन्स एका मीटरला याच्या वीसपट आहे. लोडसेलला एवढ्या प्रवाहाने काय होईल? काहीही नाही. इथे दहा पिकोसीमेन्स वाहकतेचा एकच मार्ग उघडला, म्हणजे एकच रेणू जरासा वळला, तरी पेशीला अर्धा पिकोअँपिअर, एक मिलिव्होल्ट कळतो. अँप्लिफायर मी बनवतोय असं वाटत होतं. तो आधीच बनलेला आहे, मी फक्त शेवटचा टप्पा.

दुसरा प्रश्न मला झोपू देत नाही. या पेशीचं धड रक्तात आणि टोक केसात, केसाबाहेर नदीचं पाणी. नदीत सोडियम ते किती! एकच पेशी, दोन पाण्यांत उभी. समुद्री शेवंडाला ही अडचण नाही, त्याला आत-बाहेर दोन्हीकडे खारंच. आमच्या खेकड्याचं टोक कुठल्या बॅटरीवर चालतं? आम्ही तर मिशी अख्खी खारट पाण्यात बुडवतोय, म्हणजे हा प्रश्न आम्ही न सोडवताच बुडवलाय. पुतणीला म्हटलं, प्रबंधात लिही. ती म्हणाली, पुढच्या अभ्यासाची दिशा म्हणून लिहिते. या मुलांना सगळ्याची जागा माहीत असते.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. नदीकाठी ढोलपथकांचा सराव जुलैपासून चालू आहेच, पण आता सोसायटीच्या मंडपात. ढोलाचा प्रत्येक ठोका नळीतून मिशीत आणि मिशीतून स्पीकरमध्ये. पहिल्यांदा वाटलं, केवढी लयबद्ध पेशी. पत्र्याखाली स्कूटरची ट्यूब अर्धी फुगवून ठेवली. ताशा थांबला, ढोल नाही. प्रयोग दहा दिवस बंद. मोदक चालू.

प्रारूपात घोळ. चारही प्रवाह एकाच गोळ्यात भरले तर पेशी ऊठसूट टकटक करते. मग त्या १९८९ च्या मापनांतली एक गोष्ट आठवली, जी वाचताना मी ओलांडून गेलो होतो. सोडियमचा प्रवाह धड किती मोठं यावर अवलंबून नव्हता. पेशी सुटी करताना अक्षतंतूचा तुकडा धडाला चिकटून राहिलाय का, यावर होता. म्हणजे टकटक निर्माण करणारी यंत्रणा मुख्यतः तारेत, धडात नाही.

गोळ्याचे दोन भाग केले, धड आणि तार, मध्ये एक रोध. सोडियम जवळजवळ सगळं तारेत. पेशी ताळ्यावर आली. धडात वासाचा हळू चढउतार होतो, तो तारेपर्यंत पोचला तरच टकटक. वजनकाट्यात लोडसेल वेगळा आणि आकडे मोजणारी पेटी वेगळी, मी दोन्ही एकाच डब्यात कोंबत होतो.

२२ सप्टेंबर, रविवार

विसर्जन मंगळवारी आटोपलं. शांतता. खेकडे क्र. ३ आणि ४.

ग्लुटामेटला आज स्पष्ट उत्तर. पाऊस नाही, रिमझिम. सेकंदाला आठ-नऊ टकटकींवरून चौदा-पंधरा, तोटी परत फिरवली की दहाएक सेकंदांत खाली. सुकटीच्या त्या आलेखापुढे हा गरीब दिसतो. पण हा खरा आहे.

मग प्रोलिन. टकटक कमी झाली. वाढली नाही, कमी झाली, तीन-चारवर. पुन्हा केलं, पुन्हा कमी.

माझं पहिलं मत : अँप्लिफायर. बॅटरी मोजली, ठीक. दुसरं मत : द्रव थंड आहे. दोन्ही बाटल्या एकाच पातेल्यात ठेवल्या. तरीही कमी. तिसरं मत : पुन्हा पोटॅशियम. फोटोमीटरला उद्या पाठवू.

२९ सप्टेंबर, रविवार

पोटॅशियम ५.४. आम्लताही तीच.

अँप्लिफायरचा संशय कायमचा मिटवायला बाथमध्ये दर सेकंदाला ५० मायक्रोव्होल्टचा चौकोनी ठोका सोडला, एका रेझिस्टर जोडीतून. प्रोलिन चालू असताना पेशींची टकटक ओसरते, माझा ठोका जसाच्या तसा. म्हणजे वाट मोकळी आहे, बोलणाराच गप्प बसलाय.

पुतणी हसली. हे तिला आधीपासून वाचून माहीत होतं : शेवंडाच्या गंधपेशींत काही वास पेशीला चढवतात, काही दाबतात. प्रोलिन दाबणाऱ्यांपैकी. १९९१ साली दाखवलंय, दाबणारा वास पोटॅशियमचे मार्ग उघडतो आणि पेशी खालच्या बॅटरीकडे ओढली जाते. दोन वास एकत्र आले तर एकाच पेशीत चढउताराची बेरीज-वजाबाकी होते. मिश्रणाचा वास मेंदूत पोचायच्या आधी मिशीतच अर्धा ठरतो. "मग मला आधी का नाही सांगितलंस?" असं विचारल्यावर म्हणाली, "तुझा ठोका बघायचा होता."

एकाच पोटॅशियमने १८ ऑगस्टला आम्हाला फसवलं आणि आज बरोबर उत्तर दिलं, हे जरा नाटकी आहे, पण आहे तसं लिहितो. तेव्हा बाहेरचं पोटॅशियम वाढवून बॅटरीच बदलली होती. आज बॅटरी तीच, तिच्याकडे जाणारा मार्ग रुंद झाला. निदान शेवंडात तरी.

६ ऑक्टोबर, रविवार

"निदान शेवंडात तरी" या तीन शब्दांवर आठवडा गेला. प्रारूपात धडाला पोटॅशियमचा एक जादा मार्ग जोडला, प्रोलिनसारखी टकटक कमी झाली, वक्र मोजणीवर बसला. पुतणी खूश. मी पोटॅशियमऐवजी क्लोराइडचा मार्ग जोडला. वक्र तितकाच छान बसला.

क्लोराइड मी उगाच नाही घेतलं. शेवंडाच्या याच पेशींवर हिस्टामिन लावलं तर ते थेट क्लोराइडचे मार्ग उघडतं आणि पेशी दबते, हेही १९८९ मधलंच. सर्दीची गोळी आपल्यात ज्याला अडवते ते हिस्टामिन, खेकड्याच्या जगात ते चेतापेशींना गप्प करणारं रसायन.

मग आमच्या खेकड्यात कुठलं? बाहेरून टकटक मोजून ते कळणार नाही. पेशीचा व्होल्टेज आपल्या हातात धरून, कुठल्या व्होल्टेजला तो प्रवाह उलटतो ते बघायला हवं. प्रवाह उलटतो ती जागा म्हणजे त्याच्या बॅटरीचं नाव. त्यासाठी पॅच क्लॅम्पच. वक्र जुळला म्हणून कारण सापडलं असं म्हणायची तिला फार इच्छा होती. मी म्हटलं, लोडसेलचा आलेख मी कापसाच्या पोत्यानेही जुळवून देतो. थोडं वाजलं. शेवटी दोन्ही वक्र एकाच आकृतीत टाकायचं ठरलं, दोन रंगांत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि अँप्लिफायरच्या पेटीला झेंडू. जाळीच्या पिंजऱ्यावरही एक फूल. पुतणीने आपट्याचं पान दिलं, मी तिला एडी-६२० ची ती नकली चिप दिली.

२० ऑक्टोबर, रविवार

एकूण नऊ मिशा टिकल्या. ग्लुटामेटला पाच वाढल्या, चार ढिम्म. प्रोलिनला दोन कमी झाल्या, सात ढिम्म. एवढ्यावर मोठं काही म्हणता येत नाही आणि तिने म्हटलेलंही नाही. मॅडमनी मसुदा परत पाठवला. सुकटीचा आलेख पुतणीने काढून टाकला होता, तो शेजारी नुसत्या पोटॅशियमच्या आलेखासह परत घालायला सांगितलाय. माझा १८ ऑगस्टचा हिशोबही परिशिष्टात घेतलाय, त्यात लॉगची एक पायरी मी गाळली होती, ती आज लिहून दिली.

खेकडा क्र. ४ ने गुरुवारी कात टाकली. मिशी फुटली आहे, जुनीच्या निम्मी, फिकी. दुसरीसारखीच तीही झटकतो. त्यावर केस किती आलेत ते विजेरीने दिसत नाही.

पुढच्या रविवारी चार जिवंत आहेत ते मुळशीला ओढ्यात सोडायचे. बायकोने विचारलं, श्रावण संपून किती दिवस झाले. तिला सांगितलं, ते चौघं प्रोलिन प्यालेत. तोटीतून थेंब गळतोय, ड्रिप सेट नवा आणायचा. नऊ व्होल्टच्या चार बॅटऱ्या.